क जीवनसत्त्व: कूतच्या वेढ्यापासून सीरमच्या बाटलीपर्यंत

ईदच्या दोन दिवस आधी भाचीने काचेची एक छोटी बाटली माझ्यापुढे धरली. "मामू, बघा ना, आणलं तेव्हा पाण्यासारखं होतं. आता चहासारखं झालंय. दुकानदाराने फसवलं का?" बाटलीत चेहऱ्याला लावायचं व्हिटॅमिन सीचं सीरम होतं. महिनाभराच्या खर्चातून पैसे वाचवून तिने ते घेतलं होतं आणि खिडकीतल्या आरशापाशी ठेवलं होतं, तेही थेट उन्हात.

मी म्हटलं, "दुकानदाराला दोष देऊ नकोस. हे द्रव्यच असं आहे, ते टिकत नाही." तिला ते पटलं नाही. मग मी तिला इंग्रजांच्या आरमाराची गोष्ट सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता इराकमधल्या कूत गावापर्यंत, आपल्याच मुलखातल्या शिपायांपर्यंत पोहोचलो. ती गोष्ट इथे सविस्तर लिहितो आहे. आज चेहरा उजळवणारं म्हणून विकलं जाणारं हे द्रव्य शंभर वर्षांपूर्वी आपल्या माणसांना हवं होतं ते जीव वाचवायला, आणि ते त्यांना मिळालं नाही.

रुब्ब

लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांना एक रोग व्हायचा. हिरड्या सुजून त्यांतून रक्त यायचं, दात हलायचे, अंगावर काळेनिळे डाग उठायचे. वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या. या रोगाचं नाव स्कर्व्ही. २० मे १७४७ रोजी 'सॅलिसबरी' या इंग्रजी युद्धनौकेवर जेम्स लिंड या डॉक्टराने अशा १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं औषध दिलं. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला सायडर. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात त्यांतला एक जण कामावर परतण्याइतका बरा झाला होता आणि दुसऱ्याला इतर आजाऱ्यांची शुश्रूषा करायला लावता येत होतं.

लिंडने १७५३ साली पुस्तक लिहून हे मांडलं. आरमाराने लिंबाचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली ती १७९५ साली. मधली चाळीस वर्षं गेली कुठे? सरकारी ढिलाई होतीच, पण लिंडची स्वतःची एक चूकही त्यात होती. ताजी फळं जहाजावर महिनोन्‌महिने टिकणार नाहीत हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने रस मंद आचेवर तासन्‌तास आटवून त्याचा दाट पाक करण्याची कृती सांगितली. या पाकाला इंग्रजीत 'रॉब' म्हणत. हा शब्द अरबीतल्या 'रुब्ब'वरून आला. फळांचा रस आटवून केलेला पाक म्हणजे रुब्ब. युनानी दवाखान्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना 'रुब्ब-ए-अनार' ठाऊक असेल.

अरबी वैद्यकाने लिंबाचा विचार फार आधी केला होता. बाराव्या शतकात सलाहुद्दीन अय्युबीच्या पदरी असलेल्या इब्न जुमय या ज्यू तबीबाने लिंबू आणि त्याचे उपयोग यांवर स्वतंत्र रिसाला लिहिला. त्वचेची निगा हाही त्या वैद्यकाचा अधिकृत विषय होता. कुर्तुब्याच्या अल-जहरावीच्या 'अत-तसरीफ' या ३० भागांच्या ग्रंथातला १९वा भाग सौंदर्यप्रसाधनांवर आहे. इब्न सीनाच्या 'अल-कानून'मध्ये चेहऱ्यावर उठणाऱ्या काळपट डागांचा, म्हणजे 'कलफ'चा विचार केलेला आहे. आपण ज्याला वांग म्हणतो, तोच हा विकार. त्यामुळे चेहऱ्याला काही लावणं ही हल्लीची थेरं आहेत असं कुणी म्हणत असेल, तर त्याने आपल्याच ग्रंथांची पानं उलटून पाहावीत.

पण रुब्बची कृती ज्या कामासाठी उत्तम होती, त्याहून वेगळ्या कामाला लिंडने ती जुंपली. चव टिकली, आंबटपणा टिकला, नेमकं हवं ते उडून गेलं. क जीवनसत्त्व उष्णतेने, हवेने, प्रकाशाने आणि तांब्या-लोखंडासारख्या धातूंच्या संपर्काने विघटित होतं. लिंबाचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक आम्लाचा असतो आणि ते आम्ल शाबूत राहतं. म्हणून रस निकामी झाला तरी जिभेला कळत नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात आणखी एक घोळ झाला. भूमध्य समुद्राकाठची मोठी पिवळी लिंबं सोडून इंग्रजी आरमाराने वेस्ट इंडीजमधल्या आपल्या मळ्यांतली छोटी हिरवी लिंबं घेतली. त्यांच्या साठवलेल्या रसात रोग रोखण्याची ताकद फारच कमी होती. १८७५ साली उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या इंग्रजी मोहिमेत हा रस असूनही स्कर्व्ही झाला. मग लिंबाचा काही उपयोगच नाही, असं मोठमोठे डॉक्टर म्हणू लागले. हाती आलेलं ज्ञान असं पुन्हा हरवलं आणि त्याची किंमत पहिल्या महायुद्धात वसूल झाली.

कूत

इराकमध्ये तुर्कांविरुद्ध लढायला इंग्रजांनी पाठवलेल्या पहिल्या फौजेचं नाव होतं सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. या पलटणींत दख्खनी आणि कोकणी मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. एकाच पलटणीत, एकाच बोलीत हसणारी-भांडणारी ही माणसं होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे, सलमान फारसींची मजार जिथे आहे त्या सलमान पाकजवळ मोठी लढाई झाली. समोर खलिफाची फौज होती. त्या दिवशी मुसलमान शिपायाच्या मनात काय चाललं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

जनरल टाउनशेंड तिथून मागे हटला आणि दजला नदीच्या वळणावरच्या कूत गावात अडकला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा चालला. भाजीपाला संपला, जनावरं संपत आली. मग तोफा ओढणारे घोडे आणि खेचरं कापून त्यांचं मांस शिध्यात दिलं जाऊ लागलं. इंग्रज शिपायांनी ते खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, नकार दिला.

मुसलमानांच्या नकाराकडे जरा थांबून पाहायला हवं. घोड्याचं मांस शाफई मजहबमध्ये चालतं, इमाम अबू हनीफांनी मात्र ते मकरूह ठरवलं. दख्खनचे मुसलमान बहुतांशी हनफी, कोकण किनाऱ्यावरचे शाफई. म्हणजे प्रश्न साध्या हलाल-हरामचा नव्हता. जीव धोक्यात असेल तर शरियत सवलतही देते. पण गावी परतल्यावर लोक काय म्हणतील, ही भीती फतव्यापेक्षा मोठी होती. हिंदू शिपायाला जातीबाहेर पडण्याची भीती होती. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे संदेश मागवले गेले. अखेरच्या आठवड्यांत अनेकांनी ते मांस खाल्लं, पण तोवर उशीर झाला होता.

डिव्हिजनचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहिर यांच्या नोंदींतून एक विलक्षण चित्र दिसतं. हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला, इंग्रजांना फारसा झाला नाही. कारण ताज्या मांसात थोडं का होईना, क जीवनसत्त्व असतं. उलट इंग्रजांना बेरीबेरी झाला, कारण ते पांढऱ्या मैद्याची रोटी खात होते. कोंड्यासकट आटा खाणारे हिंदी शिपाई त्यापासून वाचले. एकाच गावात, एकाच वेढ्यात दोन ताटं होती आणि त्या दोन ताटांचे दोन रोग होते. जीवनसत्त्वं म्हणजे काय हे तेव्हा नीट कुणालाच माहीत नव्हतं.

शरणागतीच्या वेळी सुमारे १३,००० माणसं कैद झाली. हिरड्या सुजलेली, पाय ओढत चालणारी ती माणसं वाळवंटातून अनातोलियाकडे हाकली गेली. त्यांतली हजारो परतली नाहीत.

याच सुमारास लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन संशोधक स्त्रिया गिनी पिगवर प्रयोग करत होत्या. हा प्राणी माणसासारखाच क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. बकरा मात्र ते आपल्या यकृतात तयार करतो, त्याला कधी लिंबू लागत नाही. या संशोधनातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. हिरव्या लिंबांचा साठवलेला रस खरोखरच कुचकामी होता. आणि फौजेला ताजी भाजी मिळत नसेल तर अख्खी कडधान्यं भिजवून मोड आणावेत, कारण कोरड्या दाण्यात नसलेलं हे द्रव्य मोड येताना तयार होतं.

हे वाचलं तेव्हा मी सुन्न झालो. मोड आलेली मटकी! साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या कुठल्याही घरात, मग ते मराठ्याचं असो की मुसलमानाचं, मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवायला कुणी शिकवावं लागत नाही. शिपायाच्या शिध्यात कडधान्य असे ते बहुधा डाळीच्या रूपात, आणि भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत. गावाकडच्या आईला जे हातासरशी जमत होतं, ते साम्राज्याच्या रसद खात्याला सुचलं नाही.

तीन पदरी दोर

या रोगात नेमकं होतं काय? आपली त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या आणि हाडं यांना बांधून ठेवणारं एक प्रथिन आहे, कोलॅजन. तीन पदर एकमेकांभोवती वळून त्याचा दोर तयार होतो. हा पीळ घट्ट बसावा म्हणून पदरांवर ठरावीक जागी रासायनिक बदल करावे लागतात. ते करणाऱ्या विकरांना क जीवनसत्त्वाची मदत लागते. ते नसेल तर दोर सैल वळला जातो आणि लवकर तुटतो. जखमेच्या जुन्या व्रणातही कोलॅजन सतत झिजत आणि नव्याने बनत असतं. नवं बनणं थांबलं की वीस वर्षांपूर्वीची जखमही उघडते.

हे द्रव्य वेगळं काढलं ते हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी याने. १९२८ साली केंब्रिजमध्ये त्याच्या हाती एक अनोळखी पदार्थ आला. १९३२ साली तेच क जीवनसत्त्व असल्याचं सिद्ध झालं. पुढच्या अभ्यासासाठी ते किलोंनी हवं होतं आणि संत्र्यांतून एवढं मिळत नव्हतं. तो तेव्हा सेगेद शहरात शिकवत होता आणि सेगेद प्रसिद्ध होतं लाल मिरचीसाठी. मिरचीत हे द्रव्य भरपूर निघालं आणि काही आठवड्यांत त्याच्याकडे किलोभराहून अधिक साठा झाला. हंगेरीत मिरचीचं जुनं नाव आहे 'तोरोकबोर्श', म्हणजे तुर्की मिरी, आणि सेगेद दीडशे वर्षं उस्मानी राज्यात होतं. कूतमध्ये ज्या तुर्कांच्या वेढ्यात आपली माणसं या द्रव्यावाचून खंगली, त्यांच्याच पूर्वजांचं नाव लागलेल्या मिरचीतून ते जगाला किलोंनी मिळालं.

१९३३ साली बर्मिंगहॅमच्या नॉर्मन हॉवर्थने त्याची रचना उलगडली आणि त्याच वर्षी ते कृत्रिमरीत्या बनवताही आलं. १९३७ साली सेंट-ग्यॉर्गीला वैद्यकाचं आणि हॉवर्थला रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. आता हे द्रव्य कारखान्यात मक्याच्या साखरेपासून, जिवाणूंच्या मदतीने तयार होतं. स्कर्व्ही टाळणं काही पैशांचं काम झालं.

तोंडातून चेहऱ्यावर

मग ते चेहऱ्याला लावायची कल्पना कुठून आली? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ शेल्डन पिन्नेल कोलॅजनचा अभ्यास करत होते. १९८१ साली त्यांच्या गटाने दाखवलं की प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या पेशींना क जीवनसत्त्व दिलं की त्या जास्त कोलॅजन बनवतात. पोटातून घेतलेलं द्रव्य त्वचेपर्यंत मर्यादितच पोहोचतं, मग वरूनच का देऊ नये, असा विचार पुढे आला.

पण त्वचा ही भिंत आहे, ती सहज आत येऊ देत नाही. २००१ साली त्यांच्या गटाने डुकराच्या त्वचेवर मोजमापं केली. माणसाच्या त्वचेशी ती बरीच मिळतीजुळती असते म्हणून असे प्रयोग तिच्यावर होतात. बाटलीत तिचा काही संबंध नसतो, हे आपल्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. निष्कर्ष असे निघाले: द्रावण चांगलंच आम्लधर्मी हवं, पीएच ३.५ पेक्षा कमी. प्रमाण २० टक्क्यांपर्यंत वाढवलं तर जास्त शिरतं, त्यापुढे वाढवून फायदा नाही. एकदा आत गेलेलं द्रव्य निम्म्यावर यायला सुमारे चार दिवस लागतात. २००५ साली याच गटाने १५ टक्के क जीवनसत्त्व आणि १ टक्का ई जीवनसत्त्वाच्या द्रावणात ०.५ टक्के फेरुलिक आम्ल मिसळलं. फेरुलिक आम्ल तांदळाच्या आणि गव्हाच्या कोंड्यात असतं. त्याने द्रावण जास्त टिकाऊ झालं आणि उन्हापासून मिळणारं संरक्षण सुमारे दुप्पट झालं. लिंडच्या रुब्बला न सुटलेलं कोडं अडीचशे वर्षांनी असं थोडंफार सुटलं.

थोडंफारच. हवा आणि ऊन लागलं की आजही सीरम पिवळं, मग तपकिरी होतं. भाचीच्या बाटलीत तेच झालं होतं. हेही लक्षात ठेवावं की पिन्नेल यांच्या संशोधनावर एक कंपनी उभी राहिली आणि पुढे ती लॉरेआलने घेतली. याचा अर्थ संशोधन खोटं असा नाही. पण माणसांवरच्या चाचण्या लहान आहेत. २००२ सालच्या एका चाचणीत १० जणांनी १२ आठवडे अर्ध्या चेहऱ्याला हे द्रव्य लावलं आणि दुसऱ्या अर्ध्याला त्याविना नुसतं मिश्रण. द्रव्य लावलेल्या बाजूच्या उन्हाने पडलेल्या सुरकुत्या काहीशा सुधारल्या. फायदा आहे, पण तो मोजका आणि सावकाश मिळणारा आहे.

घरचं लिंबू चेहऱ्यावर चोळून हा फायदा मिळत नाही. १०० ग्रॅम रसात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, १५ टक्क्यांच्या सीरममध्ये तेवढ्यातच १५,००० मिलिग्रॅम. शिवाय लिंबातली काही द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजते आणि महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. लिंबू पोटात जाऊ द्यावं.

रंगाचा प्रश्न

आता मुद्द्याचं. भाचीला हे सीरम कशासाठी हवं होतं? मुरुमांचे डाग जावेत म्हणून, असं ती म्हणाली. पण तिच्या आईने हळूच सांगितलं की मार्च महिन्यात रिश्ता घेऊन आलेल्या बायांनी "मुलगी जरा सावळी आहे" असं म्हटलं होतं.

आपल्याकडे १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आलं आणि ४५ वर्षं गोरेपणा विकला गेला. २०२० साली टीकेमुळे नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. आता बाजाराचा शब्द 'ब्राइटनिंग' आहे. शब्द बदलले, मागणी तीच आहे. विज्ञानापुरतं बोलायचं तर क जीवनसत्त्व मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला थोडं आवरतं, त्यामुळे उन्हाचे आणि मुरुमांचे डाग फिके होऊ शकतात. जन्माचा रंग त्याने बदलत नाही. तो बदलायची गरजही नाही. माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणं ही अल्लाहची निशाणी आहे, असं सूरह रूममध्ये आलं आहे. मक्का जिंकल्यावर काब्याच्या छतावरून अजान द्यायचा मान हजरत बिलालना मिळाला, हे आपण प्रत्येक मिलादच्या जलशात ऐकतो. आणि घरी येऊन रिश्त्याच्या बोलणीत आधी रंग विचारतो. या दुटप्पीपणावर कुठल्याच बाटलीत इलाज नाही.

भाचीला मी जे सांगितलं ते इतकंच. तपकिरी झालेलं टाकून दे. पुन्हा घ्यायचं असेल तर लहान, गडद काचेची बाटली घे, झाकण घट्ट लाव, उन्हापासून दूर ठेव आणि दोन-तीन महिन्यांत संपव. फजरच्या नमाजनंतर कोरड्या चेहऱ्यावर चार थेंब लाव, वर सनस्क्रीन. दिवसभराच्या वझूने आत मुरलेलं द्रव्य वाहून जात नाही, सनस्क्रीन मात्र जातं, ते जोहरनंतर पुन्हा लावावं लागेल. आग झाली, लाली आली तर बंद कर आणि डॉक्टरला दाखव. वांगाचे डाग असतील तर आधीच दाखव. आणि आठवड्यातून दोनदा मटकीची उसळ खा, वर लिंबू पिळून.

तिने विचारलं, "कूतमध्ये आपल्या गावचं कुणी होतं का?" याचं उत्तर माझ्यापाशी नाही. इराकमध्ये ज्यांची कबर किंवा चिता सापडली नाही, अशा ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं गेलं. तिथे इंग्रज शिपायांची नावं कोरलेली आहेत. साध्या हिंदी शिपायाचं नाव तिथे कोरलेलं नाही. पलटणीचा क्रमांक आहे आणि पुढे मेलेल्यांची संख्या.